पोर हरवलं म्हणे

अंकाचा विषय ‘शोध’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा माझ्या मनात आलं ते हरवलेल्या मुलाचं शोधणं. मूल हरवल्याची बातमी फोनवर आली की हल्ली शोधायला निघणारे मोजके असतात आणि घरबसल्या तर्क लढवणारे अगणित. कुणी नेलं असेल, कशासाठी नेलं असेल, आईबापांचंच काही असेल का, याच्या चर्चा मूल सापडण्याआधीच रंगतात. या चर्चांचं पुढं काय होतं आणि त्या कुणाच्या अंगावर जाऊन आदळतात, हे बघायला मी वडगाव निंबाळकरला गेलो.

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात येतं. जिकडं बघाल तिकडं ऊस. दक्षिणेला नदी ओलांडली की सातारा जिल्हा आणि फलटण. जवळच सोमेश्वरनगरचा साखर कारखाना. गावाला पुणे ग्रामीण पोलिसांचं स्वतःचं ठाणं आहे. इथं मूल हरवल्याचं एखादं गाजलेलं प्रकरण घडलं म्हणून मी हे गाव निवडलं नाही. निवडलं ते इथून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांमुळे. दिवाळीच्या आगेमागे गाळपाची चाहूल लागली की बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या उतरतात. आषाढात तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरातून आणि माउलींची नीरेवरून लोणंद-फलटणकडे जाते. मोरगावचा मयूरेश्वर याच तालुक्यातला, त्यामुळे बाहेरगावच्या गाड्या बारमाही. शिवाय मेंढपाळ, भांडीवाल्या, जडीबुटीवाले, भिक्षेकरी. अनोळखी माणूस हा इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. आणि मूल हरवलं की पहिला संशय त्याच्यावरच जातो.

पाणी आणि ऊस

चहाच्या टपरीवर एक निवृत्त हवालदार भेटले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ठाण्यांत काढलेली. नाव छापू नका म्हणाले. हरवलेल्या मुलांचा विषय काढल्यावर थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “पोर हरवलं म्हटलं की लोक आधी रस्त्याकडं बघत्यात. आम्ही आधी पाण्याकडं बघायचो.”

ते जे सांगत गेले ते इथल्या भूगोलातून आलेलं होतं. बागायती गावात लहान मुलाला सगळ्यात जवळचा धोका पाण्याचा. कालव्याला आवर्तन सुटलेलं असलं की पाणी वरून संथ दिसतं, पण ओढ जबर असते आणि अस्तर केलेल्या काठावर हाताला धरायला काही नसतं. कठडा नसलेल्या विहिरी असतात. गेल्या काही वर्षांत शेततळी वाढली. त्यांच्या तळाला आणि कडेला जाड प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो. तो ओला झाला की इतका निसरडा होतो की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा दोर किंवा शिडी नसेल तर वर येऊ शकत नाही. म्हणून मूल दिसेनासं झालं की पहिल्या अर्ध्या तासात आसपासचं सगळं पाणी बघायचं, पाटबंधारे खात्याला सांगून कालव्याचं पाणी कमी करायला लावायचं, हे जाणत्या पोलिसाच्या अंगवळणी पडलेलं असतं.

दुसरी जागा उसाची. दहा-बारा महिन्यांच्या फडात शिरलेलं चार-पाच वर्षांचं पोर बाहेरून दिसत नाही, आणि आत गेल्यावर त्याला सगळ्या सऱ्या सारख्याच दिसतात. घाबरलेलं मूल हाकेला ओ देईलच असं नाही. पुष्कळदा ते रडून रडून तिथंच झोपी जातं. तिथं माणसांची ओळ करून सरी न् सरी चालत जाणं हाच उपाय. त्यानंतर पाहुण्यारावळ्यांची घरं, आजोळ, शाळेतल्या मित्राची वस्ती, एसटी स्थानक, बारामती आणि नीरा ही रेल्वे स्थानकं. माराच्या, रागावण्याच्या भीतीनं घरातून निघून गेलेली मुलं याच ठिकाणी सापडतात. जरा मोठ्या मुलींच्या बाबतीत गोष्ट आणखी वेगळी असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत हरवलेल्या अल्पवयीनांमध्ये मुलींची संख्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त असते. घरी ठरत असलेलं लग्न, प्रेमप्रकरण, ओळखीच्याच कुणीतरी दाखवलेलं आमिष अशी कारणं त्यामागे असतात. मुलांची तस्करी होते, त्यात शंका नाही. पण त्यातही नेणारा बहुधा विश्वासातला असतो. नातेवाईक, गाववाला, काम मिळवून देतो म्हणणारा.

हवालदारांच्या सगळ्या बोलण्यात गोणी घेऊन फिरणारा परका माणूस फारच उशिरा आला. फोनवर मात्र तो सगळ्यात आधी येतो.

निरोप कसा वाढतो

गावातला एक तरुण पाच-सहा व्हॉट्सॲप गटांचा ॲडमिन आहे. एक गट आळीचा, एक दूध संस्थेचा, एक तालमीचा, एक शाळेच्या पालकांचा. प्रत्येक गटातली काही माणसं शेजारच्या गावांच्या गटांतही असतात. म्हणजे एका आळीतला निरोप तासाभरात नदीपलीकडे जातो. त्यानं मला समजावून सांगितलं, “पयला निरोप घरच्यांचा असतो. पोराचं नाव, शर्टचा रंग, बापाचा नंबर. तो चांगला असतो. पुढचे बिघडत्यात.”

पुढचे निरोप कसे बिघडतात ते त्याच्याकडून ऐकताना एक क्रम लक्षात आला. कुणीतरी विचारतं, “सकाळी ती पांढरी ओम्नी उभी होती ती कुणाची?” हा प्रश्न असतो. पुढच्या गटात जाताना प्रश्नचिन्ह गळतं आणि ‘पांढऱ्या ओम्नीतून आलेले’ एवढं उरतं. तिसऱ्या गटात त्याला आवाजाची फीत जोडली जाते. एखादी घाबरी बाई “आपापली पोरं सांभाळा गं” असं कळवळून सांगते. ती कोण, कुठली, कुठल्या वर्षातली, कुणालाच ठाऊक नसतं. चौथ्या गटात एखाद्या कुठल्याशा गावात पकडून ठेवलेल्या माणसाचा फोटो येतो. आणि शेवटी ‘सर्वांना पाठवा, एखाद्या आईचं लेकरू वाचेल’ अशी ओळ. ही ओळ वाचल्यावर निरोप पुढे न पाठवणारा माणूस स्वतःच्याच नजरेत निर्दय ठरतो.

हे करणारी माणसं दुष्ट नसतात, हे मला ठासून सांगायचं आहे. त्यांच्या पोटात खरोखर कालवाकालव झालेली असते. शेजारचं पोर दिसत नाही आणि आपण नुसते बसून आहोत, हे सहन होत नाही. तर्क केला की आपण काहीतरी केलं असं वाटतं. पण त्या तर्काची किंमत तपासाला मोजावी लागते. ‘पांढरी ओम्नी’ शंभर जणांनी वाचली की दुसऱ्या दिवशी ठाण्यात येणाऱ्या साक्षीदारांतल्या काहींना ती खरंच दिसलेली असते. ते खोटं बोलत नसतात. वाचलेलं आणि पाहिलेलं त्यांच्या डोक्यात एकत्र झालेलं असतं. मग जिनं मुलाला कालव्याकडं जाताना खरोखर पाहिलं ती म्हातारी गप्प राहते, कारण सगळा गाव गाडीबद्दल बोलतोय आणि तिला वाटतं आपणच चुकलो. ठाण्यातले मोजके पोलीस टोलनाक्यावरच्या कॅमेऱ्यांत ओम्नी शोधत बसतात आणि कालव्याचा काठ तसाच राहतो.

घरच्यांचा नंबर गावोगाव गेल्यावर आणखी एक गोष्ट होते. ‘पोर आमच्याजवळ आहे, पैसे पाठवा’ असे फोन येऊ लागतात. त्यांतला प्रत्येक फोन आईनं उचललेला असतो.

राईनपाडा

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं आदिवासी गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथं आले होते. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले, काही खवे गावचे. इंदापूरची हद्द ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. म्हणजे ही माणसं या भागाची शेजारीच. भटक्या जमातींत मोडणारा हा समाज पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत हिंडत आला. पालं ठोकायची, आसपासची गावं करायची, पुन्हा पुढं जायचं.

त्या दिवशी त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, किंवा बोलतोय असं लोकांना वाटलं. एवढंच निमित्त. त्याआधी कितीतरी दिवस त्या सगळ्या टापूत मुलं पळवणारी टोळी आल्याचे निरोप फिरत होते. बाजारातली गर्दी गोळा झाली. पाचही जणांना मारत मारत ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं, आणि तिथंच ठेचून मारलं. ज्या फोनवर अफवा आली होती, त्याच फोनवर मारहाणीचं चित्रण झालं. ते चित्रण पुन्हा गटांमधून फिरलं.

त्या दिवशी राईनपाड्यात एकही मूल हरवलेलं नव्हतं.

त्याच रात्री मालेगावात लहान मूल कडेवर असलेल्या एका कुटुंबावर याच संशयानं जमाव धावून गेला. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. राईनपाड्याच्या पाच कुटुंबांना सरकारनं प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर केली आणि खटल्यासाठी उज्ज्वल निकम यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली. दोन आठवड्यांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं तहसीन पूनावाला खटल्यात झुंडबळी रोखण्यासाठी सविस्तर आदेश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा जबाबदार अधिकारी, अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे, जलदगती खटले. १ जुलै २०२४ पासून, म्हणजे राईनपाड्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवसापासून, लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जात, जमात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आली.

पण सर्वोच्च न्यायालयाचे ते आदेश निघण्याआधीच, १३ जुलै २०१८ ला, कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, आपल्या सीमेला लागून असलेल्या औराद तालुक्यातल्या मुरकी गावात आणखी एक जण मारला गेला. त्याच्यासह हैदराबादहून आलेल्या मित्रांनी अलीकडच्या गावात शाळेतल्या मुलांना चॉकलेटं दिली होती. तिथून ते कसेबसे निसटले. पण त्यांच्या गाडीचं चित्रण त्यांच्या आधी पुढच्या गावात, म्हणजे मुरकीत, पोहोचलं होतं. तिथं रस्ता अडवून लोक उभे होते.

पुरावे म्हणून काय फिरलं

त्या वर्षी लोकांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून विश्वास ठेवला, ते नेमकं काय होतं? एका चित्रफितीत मोटारसायकलवरून आलेले दोघे गल्लीत खेळणाऱ्या मुलांमधून एकाला उचलून पळतात. ही चित्रफीत कराचीतल्या रोशनी हेल्पलाइन या संस्थेनं पालकांच्या जागृतीसाठी केलेली जाहिरात होती. मूळ फितीत तेच दोघे परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कराचीत मूल पळवायला क्षणभर पुरतो असा फलक धरतात. शेवटचा तो भाग कापला गेला. जाहिरात घटना बनली, कराचीचा धुळे झाला. दुसऱ्या एका फितीत ओळीनं ठेवलेले लहान मुलांचे मृतदेह दिसत. किडन्या काढून टाकलेली मुलं म्हणून ते दाखवले गेले. ती मुलं सीरियातल्या घूता इथं २०१३ मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेली होती.

किडनीच्या गोष्टीवर जरा थांबायला हवं, कारण वडगाव परिसरातही मी ती ऐकली. किडनी काढणं आणि बसवणं यासाठी रक्तगट आणि ऊती जुळाव्या लागतात. निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ, शल्यचिकित्सकांचं पथक लागतं. काढलेला अवयव विशिष्ट द्रवात, थंडीत ठेवावा लागतो आणि तासांच्या हिशेबात दुसऱ्या शरीरात बसवावा लागतो. व्हॅनच्या मागच्या सीटवर यातलं काहीच होत नाही. अवयवांचे बेकायदा व्यवहार आपल्या देशात उघडकीस आले आहेत, १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा त्यासाठीच झाला. पण ते व्यवहार रुग्णालयात, कागदपत्रं बनवून, गरजू प्रौढांना फसवून होतात.

तर्काचं टोक कुठं जातं ते त्रिपुरात दिसलं. २०१८ च्या जून अखेरीस तिथं एक मुलगा खरोखर हरवला आणि त्याचा मृतदेह सापडला. त्याच्या किडन्या काढल्याची चर्चा पसरली. पोलिसांनी ती नाकारली, पण तोवर राज्यभर लोक रस्त्यावर होते. सरकारच्या माहिती खात्यानं गावोगाव ध्वनिक्षेपक घेऊन ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ असं सांगायला माणसं नेमली. २८ जूनला त्यांतल्याच एकाला, सुकांत चक्रवर्ती यांना, जमावानं मूल पळवणारा समजून ठार मारलं.

झोळी

ही भीती फोननं जन्माला घातलेली नाही. मूल जेवत नसलं की आपल्याकडं आई सांगते, “बुवा येईल, झोळीत घालून नेईल.” पूल बांधताना पायात मुलाचा बळी देतात, ही समजूत इंग्रजांच्या काळापासून देशभर आहे. बांगलादेशात २०१९ मध्ये पद्मा नदीवरच्या पुलासाठी मुंडकी लागतात अशी अफवा उठली. ढाक्यातल्या एका शाळेत लेकीच्या प्रवेशाची चौकशी करायला गेलेल्या आईला जमावानं मारून टाकलं. घासाबरोबर भरवलेली भीती माणूस मोठा झाला तरी पोटात राहते. फोन तिला गावाचं नाव, गाडीचा रंग आणि आजची तारीख पुरवतो.

आणि झोळीवाला म्हणजे कोण, हे आपल्या समाजात आधीच ठरलेलं असतं. १३ सप्टेंबर २०२२ रोजी सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या लवंगा इथं उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना गाडीतून ओढून पट्ट्यांनी, काठ्यांनी मारलं. ते विजापूरहून पंढरपूरला निघाले होते. त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. त्याआधी १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा गाडीचालक मारले गेले, तेव्हाही टाळेबंदीत चोर आणि मुलं पळवणारे फिरत असल्याच्या अफवा होत्या. त्या हत्येनंतर मारणारे कुठल्या धर्माचे यावर देशभर वेगळेच तर्क सुरू झाले. अखेर तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्यांची यादीच जाहीर करावी लागली.

वडगावच्या बाहेर कारखान्याच्या वाटेवर तोडणी कामगारांच्या कोप्या होत्या. पाचट आणि ताडपत्री. मोठी माणसं पहाटेच फडावर गेलेली आणि लहान मुलं मोठ्या भावंडांच्या भरवशावर. एक बाई ताप आल्यामुळे मागं राहिली होती. मी मुलांशी बोलायला खाली बसलो तेव्हा ती लगेच बाहेर आली आणि माझ्याकडं एकटक बघत राहिली. ओळख सांगितल्यावर तिचा आवाज सैल झाला. “आमची पोरं दिसंनात तर कोण इचारतंय भाऊ?” ती म्हणाली. “गावातलं पोर दिसंना की मातुर आमच्या कोप्या उचकत्यात.”

या एका वाक्यात सगळ्या चर्चेचा तोल कळतो. ज्यांची मुलं उसात, ट्रॅक्टरखाली, कालव्यात सगळ्यात जास्त धोक्यात असतात, त्यांच्यावरच दुसऱ्यांची मुलं पळवल्याचा संशय असतो. तोडणी कामगाराचं पोर हरवलं तर त्याचा निरोप गावच्या गटात जात नाही, कारण गावच्या गटात तो नाही.

घरच्यांकडं वळलेलं बोट

मूल एक-दोन दिवसांत सापडलं नाही की तर्काची दिशा बदलते. परका माणूस मिळत नाही, मग घर. आई टीव्हीसमोर रडली कशी नाही, बाप इतका शांत कसा, सावत्र तर नाही ना. घरच्यांची चौकशी तपासात करावीच लागते, तपास अधिकारी ती करतातही. पण ती चौकशी चार भिंतींत होते, जबाब पडताळले जातात आणि निर्दोष असलेला माणूस तिथून मान वर करून बाहेर येऊ शकतो. फोनवरच्या चौकशीतून कुणालाच बाहेर येता येत नाही.

पोर्तुगालमधल्या प्राया दा लूझ गावातून ३ मे २००७ च्या रात्री मॅडलिन मॅककॅन ही चार वर्षांचीही नसलेली ब्रिटिश मुलगी नाहीशी झाली. तिच्या आईबापांवर जगभरच्या लोकांनी वर्षानुवर्षं आरोप केले. त्याच गावात राहणारे आणि सुरुवातीला पोलिसांना दुभाष्या म्हणून मदत करणारे रॉबर्ट मुरात संशयित ठरवले गेले. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्यांच्याविषयी मनाला येईल ते छापलं. २००८ मध्ये त्या वृत्तपत्रांना माफी मागून त्यांना ६ लाख पौंड भरपाई द्यावी लागली. मुलगी अजून सापडलेली नाही.

दुसरी हकीकत आपल्या माणसांना अधिक जवळची आहे. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचा सुनील त्रिपाठी हा भारतीय वंशाचा विद्यार्थी मार्च २०१३ मध्ये बेपत्ता झाला. घरच्यांनी त्याला शोधण्यासाठी फेसबुकवर पान काढलं. १५ एप्रिलला बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. रेडिट या संकेतस्थळावर हौशी शोधकांनी संशयिताचा धूसर फोटो आणि सुनीलचा फोटो शेजारी ठेवून हाच तो असं जाहीर केलं. एका रात्रीत त्याला शोधणाऱ्या पानावर इतक्या शिव्या आणि धमक्या आल्या की घरच्यांना ते पान बंद करावं लागलं. काही दिवसांनी प्रॉव्हिडन्स शहरातल्या नदीत सुनीलचा मृतदेह सापडला. त्याचा त्या स्फोटांशी काडीचा संबंध नव्हता. रेडिटनं माफी मागितली. हरवलेल्या पोराला हाक मारण्याची जागाच त्या लोकांनी घरच्यांकडून हिसकावून घेतली होती.

ठाण्यात काय व्हायला हवं

गावातल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं की मूल हरवल्यावर पोलीस चोवीस तास थांबा म्हणतात. तसा नियम नाही. बचपन बचाओ आंदोलन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १० मे २०१३ रोजी स्पष्ट सांगितलं की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. म्हणूनच आज अठरा वर्षांखालचं कुणी बेपत्ता झालं की अज्ञाताविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. वर्तमानपत्रात ‘अपहरण’ शब्द दिसतो आणि लोक घाबरतात. पण त्याचा अर्थ कुणी पळवल्याचा पुरावा सापडला असा नसतो. कायद्यानं सगळ्यात वाईट शक्यता आधी धरायला सांगितली आहे, ती पोलिसांनी हालचाल लगेच करावी म्हणून.

तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचा प्रश्न येत नाही. मूल चार महिने सापडलं नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक पथकाकडं जातो. देशभरच्या बालगृहांतल्या मुलांची माहिती आणि हरवलेल्यांच्या नोंदी ताडून बघणारी यंत्रणा आहे. ‘ऑपरेशन मुस्कान’सारख्या मोहिमांत पोलीस बालगृहं, फलाट, धाबे, वीटभट्ट्या हिंडून मुलांची नावं-गावं विचारतात आणि जुन्या नोंदींशी जुळवतात. गावाचं नाव नीट सांगू न शकणारं मूल, त्याच्या बोलीवरून, देवळाच्या किंवा कारखान्याच्या आठवणीवरून, कधीकधी वर्षांनी घरी पोहोचतं. हे काम चिकाटीचं आणि कंटाळवाणं आहे. त्याची चित्रफीत कुणी पुढे पाठवत नाही.

व्हॉट्सॲपनं राईनपाड्यानंतर काही दिवसांत पुढे पाठवलेल्या निरोपांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. वेग कमी झाला. पण वडगावच्या त्या ॲडमिन तरुणानं सांगितलं की लोक मजकूर कॉपी करून नव्यानं टाकतात, मग खूणही दिसत नाही आणि मर्यादाही लागत नाही. तो स्वतः आता एक करतो. असा निरोप आला की त्यात दिलेल्या नंबरवर फोन लावतो. “निम्म्या वेळा नंबरच लागत न्हाई. लागला तर म्हणत्यात, पोरगं केव्हाच घरी आलंय.”

सापडल्यावर

घरी आलेल्या मुलाचा निरोप मात्र फिरतच राहतो. त्यावर तारीख नसते. पोर दुसरीतून चौथीत जातं आणि त्याचा हरवल्याचा फोटो विदर्भात कुठंतरी कुणीतरी आज नव्यानं पाठवत असतं. हरवलेल्या काळात त्याच्यावर अत्याचार झाला असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो कुठल्याही माध्यमातून उघड करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पॉक्सो कायद्यातही तशीच बंदी आहे. अत्याचाराला बळी पडलेली जम्मूतल्या कठुआची मुलगी २०१८ मध्ये आधी हरवलेली म्हणूनच नोंदली गेली होती. तिची ओळख उघड केल्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयानं अनेक माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. काल मदत म्हणून पाठवलेला फोटो आज गुन्हा ठरू शकतो, हे गटातल्या कुणाच्या गावीही नसतं.

याच मातीत याहून चांगली रीत आहे. आषाढीला पंढरपुरात लाखोंची गर्दी होते. चुकामूक झालेल्यांसाठी ध्वनिक्षेपकावरून पुकारा होत राहतो. अमुक गावचं, अमुक वयाचं मूल, अंगात अमुक कपडे, अमुक ठिकाणी त्याची माणसं थांबली आहेत. बस. कुणी नेलं, का नेलं, याबद्दल चकार शब्द नसतो. ऐकणारा आजूबाजूला बघतो आणि मूल दिसलं तर हात धरून तिथं घेऊन येतो. या पुकाऱ्यात जेवढं असतं तेवढंच फोनवरच्या निरोपात असावं. त्यात तारीख, वेळ आणि ठाण्याचा नंबर घालावा.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. मूल हरवल्याचं कळलं तर ११२ वर किंवा १०९८ या बालकांच्या मदतवाहिनीवर फोन करा, आणि जवळपास असाल तर चपला घालून बाहेर पडा, विहिरी बघा, फड बघा, शेततळी बघा. डोळ्यांनी पाहिलं असेल तेवढं पोलिसांना सांगा, वाटलेलं गटावर टाकू नका. कुणी परक्याला घेरलं असेल तर मध्ये उभे राहा आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला हात लागू देऊ नका. शोध घेताना कोप्यांमधल्या माणसांनाही बरोबर घ्या आणि त्यांचं मूल हरवलं तर तितक्याच घाईनं निघा. मूल घरी आलं की पाठवलेला फोटो पुसून टाका, आणि ज्यांना पाठवला त्यांनाही पुसायला सांगा.